वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे : शाळेने नोकरीवरून काढले, अपील कसे करायचे?

या अंकासाठी निवडलेली सगळी पत्रे खासगी शाळांतल्या शिक्षकांची आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची आहेत. त्यांना लागू होतो तो महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. तो १५ जुलै १९८१ पासून अमलात आला आणि त्याचे नियमही १९८१ चेच आहेत. 'खासगी' म्हणजे फक्त विनाअनुदानित, असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. शासनाची किंवा जिल्हा परिषद-नगरपालिकेची नसलेली प्रत्येक मान्यताप्राप्त शाळा या कायद्यात खासगीच, मग तिला अनुदान असो वा नसो. कनिष्ठ महाविद्यालय आणि अध्यापक विद्यालयही यातच येतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची शिस्त आणि अपील यांचे नियम वेगळे आहेत. वरिष्ठ महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ खालच्या न्यायाधिकरणात जायचे असते. त्यांनी खालची उत्तरे जशीच्या तशी स्वतःला लावू नयेत.

प्रश्न : अनुदानित माध्यमिक शाळेत नऊ वर्षे सहशिक्षिका आहे. ३ जूनला टपालाने सेवासमाप्तीचा आदेश मिळाला. संस्थेच्या अध्यक्षांना विनंती अर्ज दिला, शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. त्यांनी 'सुनावणी लावतो' असे सांगितले. आता पाच आठवडे झाले. त्यांचा निर्णय आल्यावर अपील करू का? — एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : थांबू नका, याच आठवड्यात अपील दाखल करा. कायद्याच्या कलम ९ नुसार अपील शाळा न्यायाधिकरणाकडे करायचे असते आणि त्याची मुदत आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांची आहे. आदेशावरची तारीख धरायची नाही, तो तुम्हाला मिळाला ती तारीख धरायची. मिळाल्याचा दिवस वगळून मोजा. ३ जूनला मिळाला तर ४ जून हा पहिला दिवस आणि ३ जुलै हा शेवटचा. त्या दिवशी न्यायाधिकरणाला सुट्टी असेल तर लगेचच्या कामकाजाच्या दिवशी दाखल केलेले अपील मुदतीतच धरले जाते.

अध्यक्षांकडचा विनंती अर्ज, शिक्षणाधिकाऱ्यांकडची तक्रार, संघटनेने आयुक्तांना दिलेले निवेदन, यांपैकी कशानेही ही ३० दिवसांची घडी थांबत नाही. सेवासमाप्तीचा आदेश रद्द करण्याचा अधिकार शिक्षणाधिकाऱ्यांना नाही, तो न्यायाधिकरणाला आहे. शिक्षणाधिकारी संस्थेला पत्र लिहितील, खुलासा मागवतील, वेतन अनुदानाबाबत भूमिका घेतील. आदेश मात्र तसाच उभा राहील. सर्वांत जास्त अपिले याच एका गैरसमजामुळे उशिरा येतात आणि हे दरवेळी पाहून वाईट वाटते, कारण माणूस धडपडत असतो, फक्त चुकीच्या दारात.

आता तुमची मुदत संपली असली तरी दार बंद झालेले नाही. पुरेसे कारण असेल तर न्यायाधिकरण उशिराचे अपील दाखल करून घेऊ शकते, पण त्यासाठी विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागते. 'मी कायद्याबाबत अनभिज्ञ होते' एवढ्या एका वाक्यावर अर्ज टिकत नाही. मुदत संपल्यापासून अपील दाखल होईपर्यंत तुम्ही काय करत होतात, हे तारखांसह लिहा : कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयात अर्ज दिला, आवक क्रमांक काय, तिथून काय उत्तर मिळाले, सल्ला कधी घेतला, कागद कधी हाती आले. आजारपण असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्राबरोबर औषधांची बिले आणि तपासणीचे कागदही जोडा. पाच-सात दिवसांचा उशीर नीट समजावला तर सहसा माफ होतो. शिक्षणाधिकाऱ्यांच्या सुनावणीची वाट पाहत आणखी तीन महिने घालवलेत तर मात्र त्या तीन महिन्यांचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागेल.

आदेश आला तो लिफाफा टाकून देऊ नका. त्यावरचा टपाल शिक्का आणि बारकोडखालचा क्रमांक हाच 'मिळाल्याच्या तारखेचा' तुमचा पुरावा आहे. तो क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर घालून वितरणाचा तपशील छापून घ्या. हे लगेच करा, कारण जुने तपशील तिथे कायम राहत नाहीत.

प्रश्न : विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षे शिकवतो. सुट्टीनंतर शाळेत गेलो तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'उद्यापासून येऊ नका.' मस्टरवर सही करू दिली नाही. लेखी काहीच देत नाहीत. आदेशच नाही तर अपील कशावर करायचे? — एक शिक्षक, ठाणे जिल्हा

उत्तर : कलम ९ मध्ये बडतर्फी आणि सेवेतून काढणे यांच्या जोडीला 'अन्यथा सेवा समाप्त करणे' असेही शब्द आहेत. तोंडी काढणे त्यात बसते आणि त्याविरुद्ध अपील करता येते. अडचण असते ती पुराव्याची. संस्था पुढे हमखास म्हणते, 'आम्ही काढलेच नाही, ते स्वतःच यायचे बंद झाले.' म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत तुम्ही काय करता त्यावर पुढचे प्रकरण उभे राहते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेत पुन्हा जा. सही करू दिली नाही तर त्याच दिवशी संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि मुख्याध्यापिका या तिघांना पत्र पाठवा. मजकूर थोडक्यात असू द्या : अमुक तारखेला अमुक वाजता कामावर हजर झालो, मस्टरवर सही करू दिली नाही, तोंडी सांगून परत पाठवले, मी कामावर येण्यास तयार आहे, मला लेखी आदेश द्यावा. राग, आरोप, जुनी उणीदुणी या पत्रात नकोत. प्रत शिक्षणाधिकाऱ्यांच्या आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे, त्यामुळे खिडकीवर पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. लिफाफा 'घेण्यास नकार' असा शेरा पडून परत आला तर तो न फोडता तसाच ठेवा. तो न्यायाधिकरणात बंद अवस्थेतच दाखवायचा असतो.

मग तुम्ही तिथे नोकरीला होतात हे दाखवणारे कागद जमवा : नियुक्तिपत्र, पगार जमा झालेले बँक पासबुक, यूडायसमधली (शाळांच्या शासकीय माहिती प्रणालीतली) शिक्षक नोंद, वेळापत्रक, परीक्षा कामाचे आदेश, तुमच्या सहीची गुणपत्रके, भविष्य निर्वाह निधीचे विवरण. शाळेच्या वॉट्सॲप गटातून तुम्हाला काढले असेल तर त्या पडद्याचे छायाचित्र तारखेसह ठेवा. फोन बदलू नका किंवा साफ करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ साधन हाताशी असले की ते सोपे जाते.

३० दिवस तुम्हाला परत पाठवले त्या दिवसापासून मोजा. 'लेखी आदेश मिळेल तेव्हापासून' असा हिशेब धरून बसू नका.

प्रश्न : मी कनिष्ठ लिपिक आहे. अपिलात काय काय लिहायचे आणि कोणते कागद लागतात? काही जण म्हणतात कामगार न्यायालयात जा. — एक कर्मचारी, लातूर

उत्तर : या कायद्यातल्या 'कर्मचारी' या शब्दात शिक्षक आणि शिक्षकेतर दोघेही येतात. लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा सहायक, सगळ्यांना शाळा न्यायाधिकरण खुले आहे. शिक्षकांच्या बाबतीत तर कामगार न्यायालयाचा प्रश्नच उरत नाही : शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला 'कामगार' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले आहे. चुकीच्या न्यायालयात गेलेला वेळ पुढे विलंब माफीसाठी कारण म्हणून सांगता येतो, पण तो वाया गेलेला वेळच असतो.

न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती, नागपूर अशा ठिकाणी आहेत. तुमची शाळा ज्या जिल्ह्यात, तो जिल्हा ज्या न्यायाधिकरणाला जोडला आहे, तिथेच अपील करायचे. संस्थेचे मुख्य कार्यालय कुठेही असो.

उत्तरवादी म्हणून संस्था (अध्यक्ष किंवा सचिवांमार्फत), शाळा (मुख्याध्यापकांमार्फत) आणि शिक्षणाधिकारी यांना सामील करा. संस्थेचे नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहा. फलकावरचे नाव आणि नोंदणीतले नाव वेगळे असले की नोटीस परत येते आणि दोन-तीन तारखा त्यातच जातात. पदोन्नतीत डावलल्याचे अपील असेल तर ज्याला पदोन्नती मिळाली त्यालाही सामील करावेच लागते. त्याला न ऐकता त्याच्याविरुद्ध आदेश होऊ शकत नाही.

अपिलाच्या मजकुरात सर्वांत महत्त्वाचे परिच्छेद तीन आहेत आणि लोक घाईत नेमके तेच कोरडे लिहितात. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांप्रमाणे न्यायाधिकरण आधी काही प्राथमिक मुद्दे तपासते. शाळा मान्यताप्राप्त आहे का? नियुक्ती कलम ५ आणि नियमांप्रमाणे झाली होती का? अनुदानित शाळेत शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता होती का? काढण्याचा आदेश कितीही बेकायदा असला तरी मूळ नियुक्तीच नियमबाह्य ठरली तर अपील तिथेच संपते. म्हणून शाळेच्या मान्यतेचा आदेश आणि सांकेतांक लिहा. पद रिक्त होते, जाहिरात आली, मुलाखत झाली, तुमची पात्रता अमुक, प्रवर्ग अमुक, बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांच्या यादीत) जागा अमुक, हे क्रमाने मांडा. जाहिरातीचे कात्रण जपून ठेवलेले नसेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकारात मान्यतेच्या प्रस्तावाची प्रत मागा. संस्थेने मान्यतेसाठी पाठवलेल्या फायलीत जाहिरात, मुलाखतीचे गुण आणि ठराव सहसा सापडतात.

तुमच्या नियुक्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळालेलीच नसेल तर घाबरू नका. सेंट उलाई हायस्कूल प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मान्यतेचा संबंध मुख्यतः अनुदानाशी असल्याचे सांगितले आहे. केवळ मान्यता नाही म्हणून नियुक्ती आपोआप अवैध ठरत नाही.

जोडायचे कागद : नियुक्तिपत्र, रुजू अहवाल, मान्यतेचे पत्र, शैक्षणिक आणि जातीची प्रमाणपत्रे, सेवापुस्तकाची प्रत, शेवटची वेतनचिठ्ठी, काढल्याचा आदेश, तो आला तो लिफाफा, आधीचा पत्रव्यवहार. प्रत्येक कागदाला क्रमांक देऊन सूची करा. मूळ प्रती दाखल करू नका, सुनावणीच्या दिवशी सोबत न्या. एक संच न्यायाधिकरणासाठी, प्रत्येक उत्तरवादीसाठी एकेक आणि एक स्वतःसाठी, म्हणजे तीन उत्तरवादी असतील तर पाच संच. सोबत वकीलपत्र, सत्यापनाचे प्रतिज्ञापत्र आणि ठरलेले शुल्क. हे शुल्क निकाल कसाही लागला तरी परत मिळत नाही. ते किती आणि कसे भरायचे हे दाखल करण्याच्या आदल्या दिवशी न्यायाधिकरणाच्या कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : माझ्यावर गैरवर्तनाचे आरोप ठेवून 'चौकशी' झाली आणि बडतर्फ केले. चौकशी नियमाप्रमाणे झाली की नाही हे कसे ओळखायचे? — एक शिक्षक, नाशिक

उत्तर : १९८१ च्या नियमांतले ३६ आणि ३७ हे दोन नियम समोर ठेवा आणि कागदावर दोन रकाने आखा : डावीकडे नियमाने काय आणि किती दिवसांत व्हायला हवे होते, उजवीकडे प्रत्यक्षात काय आणि कोणत्या तारखेला झाले. अपिलाचा अर्धा मजकूर या तक्त्यातूनच तयार होतो.

नियमातला क्रम असा. आधी आरोपांचे विवरण नोंदणीकृत टपालाने पाठवायचे आणि खुलाशासाठी सात दिवस द्यायचे. खुलासा पटला नाही तर तो पंधरा दिवसांत व्यवस्थापनापुढे ठेवायचा आणि व्यवस्थापनाने पुढच्या पंधरा दिवसांत चौकशी करायची की नाही हे ठरवायचे. मग तीन जणांची समिती : एक व्यवस्थापनाचा सदस्य, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. कर्मचाऱ्याला आपले नाव सुचवायला पंधरा दिवस मिळतात. समिती झाल्यापासून सात दिवसांत नेमक्या आरोपांचे दोषारोपपत्र. ते मिळाल्यावर दहा दिवसांत लेखी उत्तर आणि साक्षीदारांची नावे. मग साक्षी आणि उलटतपासणी. त्यानंतर कामकाजाचा गोषवारा आणि जबाबांच्या प्रती पाठवून पुन्हा सात दिवस. नंतर दहा दिवसांत समितीचे निष्कर्ष आणि निर्णय व्यवस्थापनाकडे, त्याची प्रत तुम्हाला. शेवटी सात दिवसांत व्यवस्थापनाचा आदेश. सगळी चौकशी साधारणपणे १२० दिवसांत पुरी व्हावी अशी अपेक्षा आहे.

यातला एखादा दिवस इकडेतिकडे झाला म्हणून बडतर्फी कोसळत नाही. मुळावर घाव घालणाऱ्या चुका वेगळ्या असतात आणि अपिलात त्यांनाच आधी मांडा.

पहिली चूक समितीच्या रचनेत असते. तिसरा सदस्य पुरस्कारप्राप्तांच्या यादीतला नसून संस्थेच्याच दुसऱ्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक असतो. त्याची निवड कोणत्या यादीतून झाली, हे पत्र लिहून विचारा. दुसरी चूक बऱ्याचदा कर्मचाऱ्याकडूनच होते : तो आपला प्रतिनिधी म्हणून वकिलाचे, संघटनेच्या निवृत्त पदाधिकाऱ्याचे किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे नाव देतो. नियमाप्रमाणे तो कोणत्या तरी खासगी शाळेतला कर्मचारीच हवा आणि त्याची लेखी संमती नावासोबत पाठवावी लागते. तसे न केल्यास किंवा पंधरा दिवस उलटू दिल्यास समिती दोघांचीच होते आणि नंतर 'माझा माणूस समितीत नव्हता' अशी तक्रार करता येत नाही.

तिसरी चूक निष्कर्षांची. समितीने एकत्र बसून, प्रत्येक आरोपावर, पुराव्याच्या आधारे निष्कर्ष द्यायचा असतो. एका सदस्याने स्वतंत्र अहवाल लिहिला आणि व्यवस्थापनाने आपल्याला सोयीचा तेवढा उचलला, तर तो समितीचा निर्णय ठरत नाही. विद्या विकास मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर भर दिला. अहवाल आला की शेवटचे पान आधी बघा : किती सह्या आहेत, कोणत्या तारखांच्या आहेत.

चौथी म्हणजे गोषवारा आणि जबाबांच्या प्रती न देणे. हा टप्पा संस्था सर्रास गाळतात, कारण त्यांना वाटते की उलटतपासणी झाली म्हणजे सगळे झाले. ही सात दिवसांची शेवटची संधी कर्मचाऱ्याच्या हक्काची आहे. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता न देणे हीसुद्धा गंभीर गोष्ट आहे. भत्त्याअभावी चौकशीला हजर राहता आले नाही, असे असेल तर त्या वेळी लिहिलेले पत्र दाखवा. नंतर सुचलेला मुद्दा म्हणून तो फिका पडतो.

एक गोष्ट आधीच समजून ठेवा. चौकशी सदोष ठरली म्हणजे आरोप खोटे ठरले असे नव्हे. न्यायाधिकरण आदेश रद्द करताना संस्थेला नियमाप्रमाणे पुन्हा चौकशी करण्याची मुभा देऊ शकते. म्हणून अपिलात फक्त प्रक्रियेतल्या त्रुटींवर न थांबता आरोप खरे का नाहीत आणि शिक्षा प्रमाणाबाहेर का आहे, हेही लिहा. शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

प्रश्न : परिविक्षा काळ संपायला वीस दिवस असताना 'काम समाधानकारक नाही' असे पत्र देऊन कमी केले. चौकशी नाही, काही नाही. यावर अपील चालते का? — एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : चालते, पण इथे लढाई वेगळी आहे. कलम ५(३) प्रमाणे परिविक्षा काळात, म्हणजे कायम होण्याआधीच्या चाचणीच्या काळात, काम किंवा वर्तणूक समाधानकारक नसल्यास एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन सेवा संपवता येते. त्यासाठी नियम ३६-३७ ची पूर्ण चौकशी लागत नाही. तुमच्या पत्रासोबत महिन्याचा पगार दिला का, हे आधी पाहा. दिला नसेल तर हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्या.

मग असमाधान कशावरून ठरवले, हे विचारा. नियम १५ प्रमाणे परिविक्षाधीन कर्मचाऱ्याच्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन मुख्याध्यापकांनी करायचे आणि त्याची नोंद ठेवायची असते. तुमच्या काळातले पाठनिरीक्षण, गोपनीय अहवाल, कळवलेले शेरे, दिलेल्या सूचना यांपैकी काहीच नसेल आणि अचानक एका ओळीचे पत्र आले असेल, तर तो आदेश टिकवणे संस्थेला जड जाते. पत्रात 'गैरवर्तन', 'अफरातफर', 'पालकांच्या तक्रारी सिद्ध' असे काही लिहिले असेल तर तो कलंक लावणारा आदेश ठरतो आणि मग चौकशीशिवाय काढले हा मुद्दा भक्कम होतो.

दोन वर्षांचा परिविक्षा काळ पुरा झाल्यावर दिलेला असा आदेश असेल तर प्रश्नच वेगळा. तेव्हा कर्मचारी कायम झाल्याचे मानले जाते. शिक्षण सेवकाचा काळ तीन वर्षांचा आहे, हे लक्षात ठेवून तारखा मोजा. आणि नियुक्तिपत्र नीट वाचा : त्यात 'परिविक्षाधीन' लिहिले आहे की 'तात्पुरते, शैक्षणिक वर्षापुरते'? पद कायम रिक्त असताना दरवर्षी अकरा महिन्यांचे पत्र दिले जात असेल, तर पद कायम होते हे दाखवण्यासाठी संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर पदांचा शासकीय कागद, मागवा. त्या कागदाशिवाय हा युक्तिवाद हवेत राहतो.

प्रश्न : कोऱ्या कागदावर सही घेऊन त्याचा राजीनामा केला. आणि माझ्या सहकाऱ्याला निलंबित केले आहे. दोघेही अपील करू शकतो का? — दोन शिक्षक, अमरावती जिल्हा

उत्तर : सहकाऱ्याला आत्ता नाही. कलम ९ मध्ये निलंबनाचा समावेश नाही, त्यासाठी शिक्षणाधिकारी आणि गरज पडल्यास उच्च न्यायालय. तुम्ही करू शकता. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारखेसह लिहून एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची असते. टपाल पावती नाही, तुमच्याकडे दुसरी प्रत नाही, मजकूर दुसऱ्याच्या अक्षरातला किंवा छापलेला आणि सही मात्र कागदाच्या भलत्याच टोकाला, हे सारे तुमच्या बाजूचे आहे. कळल्याच्या दिवशीच 'मी राजीनामा दिलेला नाही' असे पत्र टपालाने पाठवा. महिनाभर गप्प राहून अपिलातच पहिल्यांदा हे सांगितले तर विश्वास बसणे कठीण.

प्रश्न : अपील चालू असताना स्थगिती मिळते का? आणि जिंकल्यावर मागचा पगार पूर्ण मिळतो का? — एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : स्थगितीचा अधिकार कलम १० ने दिलेला आहे, पण ती वेळेवर मागावी लागते. आदेश पुढच्या तारखेपासून लागू होणार असेल, तुम्ही अजून शाळेत असाल, तर अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज द्या आणि तातडीची सुनावणी मागा. एकदा कार्यमुक्त केले आणि जागेवर दुसरा माणूस आला की स्थगितीने साध्य होण्यासारखे फारसे उरत नाही. अशा वेळी निदान ती जागा कायमस्वरूपी भरू नये, भरल्यास अपिलाच्या निकालाधीन राहून भरावी, एवढी मागणी करा. अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो, आणि तसे न झाल्यास कारणे नोंदवायला सांगतो. प्रत्यक्षात वेळ लागतो. प्रत्येक तारखेला आपल्या बाजूने मुदत मागणे टाळा, कारण पुढे मागचा पगार ठरवताना उशीर कोणामुळे झाला हेही पाहिले जाते.

मागच्या पगारावर सर्वांत महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातल्याच प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षिकेचा आहे : क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय प्रकरण, सर्वोच्च न्यायालय, २०१३. सेवासमाप्ती बेकायदा ठरली तर मागच्या पगारासह पुन्हा रुजू होणे हा सर्वसाधारण नियम, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी तुम्हाला एक पाऊल उचलावे लागते : या काळात मला अन्यत्र लाभाची नोकरी नव्हती, किंवा होती तर पगार याहून कमी होता, असे अपिलात किंवा प्रतिज्ञापत्रात शपथेवर सांगायचे. ते एकदा सांगितले की, तुम्ही कमावत होतात हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर येते. हे एक वाक्य राहून गेल्यामुळे जिंकलेल्या माणसांचे काही वर्षांचे पगार गेले आहेत. शिकवण्या घेत असाल तर लपवू नका, किरकोळ उत्पन्न म्हणून खरा आकडा लिहा. खोटे प्रतिज्ञापत्र उघडे पडले तर पगारच नव्हे, तुमच्या इतर म्हणण्यावरचा विश्वासही जातो.

मागण्यांच्या परिच्छेदात पुन्हा रुजू करणे, सेवेतील सलगता, मागचा पगार आणि भत्ते, ज्येष्ठता, हे स्वतंत्रपणे लिहा. पुन्हा रुजू न करण्याचा निर्णय झाला तर कलम ११ प्रमाणे भरपाई मिळू शकते : दहा वर्षे किंवा अधिक सेवा असल्यास बारा महिन्यांचा पगार, त्याहून कमी असल्यास सहा महिन्यांचा. शाळा अनुदानित असेल तर ही रक्कम संस्थेच्या अनुदानातून कापून थेट तुम्हाला द्यावी, अशी शिफारस न्यायाधिकरण शासनाला करू शकते. तशी मागणी अपिलातच करा.

प्रश्न : अपील जिंकलो. संस्था म्हणते, 'हायकोर्टात जातोय,' आणि रुजू करून घेत नाही. — एक कर्मचारी, सोलापूर जिल्हा

उत्तर : न्यायाधिकरणाच्या निकालावर पुढे अपील नाही. कलम १२ ने तो अंतिम केला आहे. संस्था उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकते, पण नुसती याचिका दाखल केल्याने निकाल थांबत नाही, त्यासाठी स्थगिती लागते. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत हाती येताच उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळण्याची शक्यता कमी होते. सोलापूर जिल्हा ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडलेला आहे, मुंबईच्या फेऱ्या मारू नका. कॅव्हेट ९० दिवस टिकते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपायच्या आत नवे द्या.

निकालात अंमलबजावणीसाठी दिलेली मुदत पाहा. ती संस्थेला निकाल मिळाल्यापासून ३० दिवसांपेक्षा कमी नसते. त्या काळात प्रमाणित प्रतीसह रुजू होण्याचे पत्र स्वतः शाळेत नेऊन द्या, घेतले नाही तर त्याच दिवशी टपालाने पाठवा आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्या. पत्रात दिनांक, वेळ आणि कोणी नकार दिला त्याचे पदनाम लिहा. मुदत संपूनही घेतले नाही तर कलम १३ खाली व्यवस्थापनाविरुद्ध फौजदारी कारवाई होऊ शकते आणि त्यात कैद किंवा दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. अंमलबजावणीसाठी उच्च न्यायालयात याचिकाही करता येते. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारला जातो : 'तुम्ही रुजू व्हायला गेलात का, आणि त्याचा कागद कुठे आहे?' पगार पुन्हा सुरू होण्यासाठी शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतली तुमची नोंद चालू करण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी पाठवावा लागतो. रुजू करून घेतले तरी हा प्रस्ताव गेला की नाही याची वेतन पथकात जाऊन त्याच महिन्यात खात्री करा.